आधी निकाल, मग जखमा

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे ठरलेले प्रश्न विचारतात. थंडी किती होती, खाण्याचे हाल झाले का, आणि राणीचा राजवाडा पाहिलात का. थंडी भरपूर होती. खाण्याचे हाल झाले नाहीत, कारण जाताना मी निम्मं सोलापूर बॅगेत भरून नेलं होतं. राजवाडा मात्र बाहेरूनसुद्धा पाहिला नाही. लंडनला जो एकच दिवस माझा हक्काचा होता, तो मी एका कोर्टाच्या लाकडी बाकावर काढला. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात उभी हयात वकिली केली, काळा कोट खुंटीला टांगला, सातासमुद्रापार गेले आणि जाऊन बसले कुठे, तर कोर्टात. जित्याची खोड म्हणतात ती हीच. पण आज मागे वळून बघते तेव्हा राजवाडा राहिल्याचं दुःख होत नाही, आणि त्या दिवसाचं ओझं काही उतरत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

कार्डिफ

माझी धाकटी बहीण नंदा कार्डिफच्या सरकारी इस्पितळात हाडांची डॉक्टर आहे. तिचा नवरा ब्रिस्टलला विमानाच्या कारखान्यात, तो शुक्रवारी घरी येणार. त्यामुळे आठवडाभर घरात आम्ही दोघीच. घर म्हणजे एकाला एक चिकटलेल्या विटकरी घरांच्या रांगेतलं एक. पहिल्या दिवशी दुकानातून परत येताना मी शेजारणीच्याच दाराला किल्ली लावत होते. तिनं दार उघडलं आणि 'हॅलो लव्ह' म्हणून मला आमच्या दारापर्यंत पोचवलं. आमच्या गल्लीत असं झालं असतं तर आधी चार बायका जमल्या असत्या.

पाऊस रोजचाच. सोलापूरकराच्या घरी पाऊस म्हणजे पाहुणा, आला तर कौतुक. इथे तो घरजावई होऊन बसलाय, त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. लोक भिजत बसची वाट पाहतात आणि बसवाल्याला उतरताना थँक यू म्हणतात. मी एकदा म्हणून पाहिलं. बरं वाटलं.

नंदा इस्पितळाखेरीज आणखी एक काम करते, हे मला तिथं गेल्यावर कळलं. आपल्या देशात छळ झाला म्हणून पळून येऊन आश्रय मागणारी माणसं तिथे असतात. त्यांच्या अंगावरच्या खुणा तपासून, त्या कशानं झाल्या असाव्यात याचा अहवाल ती सुट्टीच्या दिवशी लिहून देते. मंगळवारी संध्याकाळी तिनं वरणाला फोडणी दोनदा दिली, तेव्हा मी ओळखलं की डोकं जागेवर नाही.

"काय झालंय?" मी विचारलं.

"उद्या लंडनला एका केसचं अपील आहे. माझा रिपोर्ट आहे त्यात." ती गॅस बंद करून बसली. "नाव नाही सांगणार हं ताई तुला."

नाव तिनं सांगितलं नाही. नंतर मला कळलं तेही मी इथे लिहीत नाही. त्या आश्रय मागणाऱ्या माणसाला जोसेफ म्हणू. देशही सांगत नाही, कारण त्याची आई आणि भाऊ अजून तिथेच आहेत. त्यानं सरकारविरुद्ध पत्रकं वाटली, त्याला उचललं, एका छावणीत ठेवलं आणि तिथे त्याचे जे हाल केले त्याच्या खुणा त्याच्या पाठीवर आणि दंडांवर आहेत, असं त्याचं म्हणणं. इंग्लंडला पोचल्यावर सरकारी अधिकाऱ्यानं पहिल्यांदा विचारपूस केली तेव्हा त्यानं अटक सांगितली, पण छावणीत चटके दिल्याचं सांगितलं नाही. ते पुढे कधीतरी सांगितलं. अटकेची तारीखही एकदा एका महिन्यातली सांगितली, एकदा दुसऱ्या.

त्याचं प्रकरण ज्या न्यायाधिकाऱ्यापुढे गेलं त्यानं निकालात लिहिलं की ज्याचा खरोखर छळ झाला तो माणूस पहिल्याच दिवशी सांगेल, हा लपवतो, तारखा बदलतो, सबब याच्यावर विश्वास ठेवता येत नाही. असं पानोपानी लिहून झाल्यावर शेवटी तो नंदाच्या अहवालाकडे वळला. ज्या अर्थी हा माणूस खोटं बोलतो, त्या अर्थी या जखमा दुसऱ्याच कशानं तरी झाल्या असल्या पाहिजेत, असं म्हणून त्यानं अहवाल बाजूला ठेवला.

मला हसू आलं. "म्हणजे आधी अक्षता टाकल्या आणि मग मुलगी बघायला गेला."

नंदा हसली नाही. "दोन लाइन्स, ताई. मी त्याला तीनदा बोलावलं, प्रत्येक मार्क मोजलं, फोटो काढले, रेफरन्सेस दिले. दोन लाइन्समध्ये निकालात काढलं. आणि उद्या हे अपील फेल झालं ना, तर त्याला डिटेन करतील आणि फ्लाइटमध्ये बसवतील. तिथं एअरपोर्टवर त्याच्यासाठी कोण उभं असेल, मला विचार करवत नाही."

आता मी वकील. सिव्हिलच्या डॉक्टरला पिंजऱ्यात उभं करून विचारावं तसं मी तिला विचारलं, "तू नक्की काय शब्द लिहिलास?"

तिनं समजावलं. या अहवालात पायऱ्या असतात. खूण सांगितलेल्या कारणाशी जुळत नाही, जुळते पण दुसरं कारणही असू शकतं, चांगलीच जुळते, आणि सगळ्यात वर, याखेरीज दुसरं कारण संभवतच नाही. नंदानं काही खुणांना 'जुळते' आणि काहींना 'चांगलीच जुळते' म्हटलं होतं. सगळ्यात वरची पायरी कशालाच दिली नव्हती. उलट गुडघ्यावरची एक खूण लहानपणच्या पडण्याची आहे, असं स्वतंत्र लिहिलं होतं.

"मग वरची पायरी लिहायचीस ना. माणसाचा जीव जातोय आणि तू शब्दांची कंजुषी करतेस?"

"ताई, मला जे दिसलं ते मी लिहिलं." तिचा आवाज चढला. "वरचं लिहायला तसं दिसायला पाहिजे. एकदा मी खोटं लिहिलं की माझ्या पुढच्या पेशंटला कोण विचारेल? तुमच्या कोर्टात चालत असेल ते."

तुमच्या कोर्टात, हे मला लागलं. जेवताना आम्ही दोघी फक्त मीठ आण, भात घे एवढंच बोललो. मग मीच म्हणाले, "तू जाणार आहेस का उद्या?"

"मी कशी जाऊ? ऑपरेशन थिएटर आहे. आणि नसतं तरी गेले नसते. मी त्याच्या साइडची नाही, इंडिपेंडंट आहे. मी तिथं बसलेली दिसले तर बरं दिसत नाही."

"मग मी जाते."

तिनं कपाळावर हात मारला. पण तिला हवंच होतं, हे मला दिसत होतं. "जा. पण त्याच्याशी बोलायचं नाही. माझी बहीण आहे म्हणून कुणाला सांगायचं नाही. प्लीज, ताई. केस संपली की मग तुझी मर्जी."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. ती म्हणाली की केसांना तेल लागलं.

लंडनकडे

सकाळची गाडी. बोगद्यातून समुद्राच्या खाडीखालून गाडी जाते ते मला आधी माहीत नव्हतं, नाहीतर मी बसने गेले असते. बाहेर पडलं की ओल्या कुरणांत मेंढ्या, मान खाली घालून चरणाऱ्या. ब्रिस्टलच्या जवळ ऊन आलं आणि डब्यातल्या एकाही माणसानं खिडकीकडे मान वळवली नाही.

वाटेपलीकडच्या बाकावर एक पिंगट केसांची बाई बसली होती, पायाशी चाकांची पेटी आणि पेटीत फायली. तिच्या शेजारी एक उंच काळा माणूस, सुटाच्या बाह्या मनगटाच्या वर गेलेल्या, म्हणजे सूट कुणाचा तरी मागून आणलेला. तारखेच्या दिवशीचा अशील मी कुठेही ओळखते, सोलापूरच्या एसटी स्टँडवर काय आणि इथे काय. तो बाकाच्या कडेवर बसतो आणि वकिलानं पान उलटलं की वकिलाचं तोंड बघतो. हा तसंच करत होता. त्या बाईनं फोनवर कुणाला तरी डॉक्टरांच्या अहवालाचं पान सांगितलं, त्यात नंदाचं आडनाव आलं, आणि माझी खात्री पटली.

शपथ घेतलेली, त्यामुळे मूग गिळून बसले. पण खाण्याबद्दल नंदानं काही म्हटलं नव्हतं. मी दशम्या काढल्या, शेंगांची चटणी काढली आणि डबा वाटेपलीकडे धरला. वकीलबाईनं एक तुकडा चटणीला लावून तोंडात टाकला आणि मग सबंध बाटली पाणी प्यायली. त्यानं हात जोडल्यासारखे केले. "थँक यू, मदर. आज नको."

आमचं सगळं बोलणं इंग्रजीतच झालं, मी ते मराठीत लिहिते आहे. त्याचा आवाज खूप हळू होता, मला पुढे वाकावं लागलं.

रेडिंगच्या अलीकडे गाडी थांबली. सिग्नलमध्ये बिघाड, असं कुणीतरी स्पीकरवरून सांगितलं आणि क्षमा मागितली. आपल्याकडे एव्हाना निम्मा डबा खाली उतरून इंजिनापर्यंत गेला असता आणि एखाद्यानं रेल्वेमंत्र्याचा उद्धार केला असता. इथे वर्तमानपत्रांची पानं तेवढी उलटत होती. जोसेफ उठला, दारापर्यंत गेला, परत आला, बसला, पुन्हा उठला. वकीलबाई कोर्टात बोलणाऱ्या बॅरिस्टरला फोन लावत होती आणि तो लागत नव्हता. तारखेला वकील उशिरा पोचल्यानं काय होतं ते मला ठाऊक आहे. "आपण नसलो तर ते ठरवून टाकतील का?" त्यानं तिला विचारलं. ती नाही म्हणाली, पण घड्याळ बघत म्हणाली. मग गाडीनं एक हिसका दिला आणि निघाली, आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

न्यायालयात

इमारत बाहेरून देवळासारखी, म्हणजे त्यांच्या देवळासारखी, कमानी आणि टोकं. दारात पिशव्या तपासत होते. शिपायानं माझा डबा उघडला, चटणीचा वास घेतला आणि सटासट शिंकला. "हे काय आहे?" मी म्हटलं, "शेंगदाणे आणि मिरची." त्यानं डबा दोन बोटांनी परत दिला. कुणाचं काय काम आहे, कुणाचे कोण, हे मात्र विचारलं नाही. ज्याला बसून ऐकायचंय त्यानं बसावं. हे मला फार आवडलं.

सोलापूरला कोर्ट म्हणजे पुकारे, पानाच्या पिंका, पंख्याची घरघर आणि बाहेर टंकलेखकांची टकटक. इथे कागद हलला तरी ऐकू येत होता. वर तीन न्यायमूर्ती, डोक्यावर पांढरे केसांचे टोप. खाली दोन बॅरिस्टर, तसेच टोप घातलेले. सोलापूरच्या मे महिन्यात काळा कोट घालून घामानं निथळलेली मी, मला त्या टोपांची दया आली. जोसेफ आपल्या बॅरिस्टरच्या मागे बसला होता. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. त्याला कुणी काही विचारणारही नव्हतं, कारण अपिलात माणूस बोलत नाही, कागद बोलतो. वरचं कोर्ट साक्ष पुन्हा ऐकत नाही. खालच्यानं कायद्याची चूक केली का, तेवढंच बघतं. हा खरा की खोटा, हे ठरवणं खालच्याचं काम. आमच्याकडेही तेच आहे.

जोसेफचा बॅरिस्टर तरुण होता. नमनाला घडाभर तेल घालून तो मुद्द्यावर आला: न्यायाधिकाऱ्यानं आधी मन बंद केलं आणि मग अहवाल उघडला. वैद्यकीय पुरावा बाकी सगळ्याबरोबर तोलायचा असतो, नंतर नव्हे.

मग सरकारचा बॅरिस्टर उठला. वयानं मोठा, शांत. त्यानं आवाज चढवला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. खालच्या न्यायाधिकाऱ्यानं साक्षीदार समोर बसवून ऐकला आहे, म्हणाला, ती संधी आपल्याला नाही. आणि निकाल लिहायचा म्हणजे कुठून तरी सुरुवात करावीच लागते. काहीतरी आधी येणार, काहीतरी नंतर. नंतर लिहिलं म्हणजे नंतर विचार केला असं होत नाही.

हा युक्तिवाद चांगला होता. त्याच्या जागी मी असते तर हाच केला असता. डावीकडचे न्यायमूर्ती मान हलवत होते.

"शिवाय," तो म्हणाला, "खुद्द डॉक्टरच 'चांगलीच जुळते' यापलीकडे जात नाहीत. दुसरं कारण असू शकतं हे त्यांनाही मान्य आहे. एक खूण तर त्यांनी स्वतःच बाजूला काढली आहे."

मी पदर मुठीत आवळून धरला. माझ्या बहिणीचा खरेपणा त्या माणसाच्या गळ्याशी आला होता. नंदाचा मला राग आला, आणि राग आल्याचा आणखी राग आला. जोसेफची मान इतकी खाली गेली होती की मागून फक्त कॉलर दिसत होती.

मधले न्यायमूर्ती सकाळपासून काही बोलले नव्हते. त्यांना सर्दी झाली होती आणि ते सारखं नाक पुसत होते. त्यांनी रुमाल ठेवला.

"ती बाजूला काढलेली खूण कोणती?"

"गुडघ्यावरची, माय लॉर्ड. लहानपणी सायकलवरून पडल्याची."

"ती सायकलची आहे हे डॉक्टरांना कसं कळलं?"

"अपीलकर्त्यानंच सांगितलं, माय लॉर्ड."

"त्याला हवं असतं तर ती खूणही छावणीतली म्हणून सांगता आली असती. नाही का?"

"आली असती."

"ज्याला खोटंच बोलायचंय तो माणूस तसं का करणार नाही, याचा विचार निकालात कुठे केलाय? मला परिच्छेद दाखवा."

पानं उलटली. पुढे गेली, मागे आली. बॅरिस्टरच्या मागे बसलेल्या मदतनीसानंही आपली प्रत चाळली. एवढ्या मोठ्या दालनात तेवढाच आवाज होता.

"तसा परिच्छेद नाही, माय लॉर्ड."

"तेच म्हणतोय मी," न्यायमूर्ती म्हणाले. "आधी काय लिहिलं आणि नंतर काय लिहिलं, यावर माझा आक्षेप नाही. अहवाल कुणी वाचलाच नसावा, असं मला दिसतंय." आणि पुन्हा रुमाल घेतला.

मला उठून त्यांच्या सर्दीला सुंठ द्यावीशी वाटली.

निकाल जेवणानंतर सांगतो म्हणाले. मी बाहेर कठड्यावर बसून दशमी खाल्ली. चव कळली नाही. नंदाचा फोन बंद होता. समोरून लाल बसेस जात होत्या, प्रवासी कॅमेरे काढून इमारतीचे फोटो घेत होते, आणि आत एका माणसाचं काय होणार हे अजून कुणाला माहीत नव्हतं. घास गिळताना मी चक्क आमच्या सिद्धेश्वराला नारळ बोलले.

दुपारी निकाल वाचला. सरकारच्या थोरल्या बॅरिस्टरच्या सगळ्या मुद्द्यांचा मान राखत राखत, अगदी शेवटच्या वाक्यापर्यंत कळू न देता. खालचा निकाल रद्द. प्रकरण दुसऱ्या न्यायाधिकाऱ्यापुढे नव्यानं चालवावं. मग न्यायमूर्ती म्हणाले की या माणसाचं म्हणणं खरं आहे की नाही याबद्दल आम्ही काहीही म्हणत नाही, तसा अर्थ कुणी काढू नये.

बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात वकीलबाईनं तरुण बॅरिस्टरला मिठी मारली. माझे डोळे भरून आले होते. केस संपली होती, शपथ सुटली होती. मी सरळ जोसेफपुढे जाऊन उभी राहिले, डॉक्टरांची बहीण म्हणून ओळख सांगितली आणि अभिनंदन केलं. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला, पण बघत होता वकीलबाईकडे.

"म्हणजे त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला?"

ती हसायची थांबली. "नाही. म्हणजे, तो प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. आधीचा निकाल चुकीच्या रीतीनं दिला, एवढंच त्यांनी म्हटलं. आता दुसरे न्यायाधिकारी तुझं सगळं पहिल्यापासून ऐकतील."

"पहिल्यापासून."

"हो."

"मी सांगायचं. सगळं."

"हो, जोसेफ. पण या वेळी डॉक्टरांचा अहवाल नीट बघावाच लागेल त्यांना. हे फार मोठं आहे."

तो भिंतीलगतच्या बाकावर बसला. मी वकील, मला फेरचौकशी म्हणजे काय ते माहीत. तसा निकाल मिळाला म्हणून मी पेढे वाटलेले आहेत. आणि तरीही त्याच्या चेहऱ्याकडे बघून तोंडातलं अभिनंदन मला नकोसं झालं. मी त्याच्या शेजारी बसले.

तो म्हणाला, "मदर, तुम्ही त्यांच्यापैकी नाही. तुमचा बसतो विश्वास?"

हा प्रश्न मी उभ्या वकिलीत कुठल्याच अशिलाला विचारू दिला नव्हता. खरंखोटं कोर्ट बघेल, तू कागद आण, असं सांगून वाटेला लावत असे. त्याला मी म्हणाले, "हो. बसतो."

"कशावर?" त्यानं विचारलं. रागानं नव्हे, खरंच जाणून घ्यायला. "तुम्ही माझं काहीच ऐकलेलं नाही. आज आत कुणीच ते बोललं नाही."

खरं होतं. दिवसभर आम्ही परिच्छेद ऐकले, पायऱ्या ऐकल्या, गुडघा ऐकला. त्या छावणीत त्याला काय केलं, हे सबंध दिवसात एकाच्याही तोंडून निघालं नव्हतं, आणि ते राहिल्याचं मला जाणवलंही नव्हतं. मला फार लाज वाटली.

"मग मला सांगा," मी म्हणाले. "मी ऐकते. मला कसली घाई नाही."

त्यानं मान हलवली. "ते एकदा सांगितलं की पुढे कित्येक दिवस मला झोप लागत नाही, अन्न जात नाही. आता तिथं पुन्हा सांगायचं आहे. तुमच्यापाशी सांगून बसलो तर तिथं सांगायला अंगात बळ राहायचं नाही."

मग तो उठला, वकीलबाईच्या हातातली फायलींची पेटी आपल्या हातात घेतली आणि तिच्यापुढे जिना उतरू लागला.